टोल्युइनची शेपटी

बरेच शनिवार झाले, इथे काही लिहिलं नाही. नेहमीची कारणं होतीच, म्हणजे रिलीज, आळस वगैरे. पण या वेळी आणखी एक कारण होतं आणि आज त्याबद्दलच लिहितोय. विषय बारावीच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा आहे. ज्यांना त्या पुस्तकाची अजून स्वप्नं पडतात त्यांनी इथूनच परत फिरावं. (नको, थांबा. मलाही पडायची.)

तर झालं असं. पप्पांना दोनेक महिने थकवा जाणवत होता. दोन जिने चढले की मधल्या वळणावर उभं राहायचे आणि खिडकीतून काहीतरी बघतोय असं दाखवायचे. आई मागे लागली म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.6, पांढऱ्या पेशी 3,100, प्लेटलेट 92 हजार. एखादा आकडा कमी असला की आपण डेंग्यू, मलेरिया, पालेभाजी असं काहीतरी बोलून मोकळे होतो. इथे तिन्ही कमी होते. फॅमिली डॉक्टरांनी रक्ताच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं.

त्या डॉक्टर बाईंनी रिपोर्ट बघितला, पोट दाबून बघितलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काका, काम काय करायचात?"

"स्प्रे पेंटर. वालीवला, गाळ्यात. 88 पासून 2011 पर्यंत."

बाईंचं पेन थांबलं. "थिनर वापरायचात?"

पप्पा हसले. "थिनरशिवाय रंग कसा मारणार मॅडम?"

बाईंनी कागदावर बी-12 लिहिलं, थायरॉइड लिहिलं आणि खाली बोन मॅरो लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. पप्पा वजन करायला गेले तेव्हा मला म्हणाल्या, "त्यांच्या थिनरमध्ये बेंझिन असायचं का, काही कल्पना?"

मला अर्थातच काही कल्पना नव्हती. बारावीला केमिस्ट्रीत 100 पैकी 91 होते, तरी नव्हती.

ज्यांना वालीव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. वसई स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं, शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून ड्रायव्हरच्या शेजारी अर्धं बाहेर लटकायचं आणि रेंज नाक्यावरून पुढे हायवेच्या दिशेने जायचं. पुढे मुंबई-अहमदाबाद हायवे, त्याच्या पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर आणि अलीकडे इंडस्ट्रियल इस्टेटी. एका इस्टेटीत पन्नास गाळे, एका गाळ्यात दहा माणसं, वर सिमेंटचे पत्रे. पप्पा होते तेव्हा जिल्हा ठाणे होता (पालघर वेगळा झाला 2014 साली) आणि महानगरपालिका यायला 2009 उजाडलं. पप्पांच्या गाळ्यात लोखंडी कपाटं आणि मशीनची कव्हरं रंगवायची. एक्झॉस्ट फॅन होता, पण लोडशेडिंगही होतं. वीज गेली की फॅन बंद, कॉम्प्रेसरही बंद. मग मंडळी ब्रश घेऊन तिथेच बसायची.

मी शनिवारी डबा घेऊन जायचो, म्हणून मला हे माहीत. दारातूनच तो गोड, डोक्यात जाणारा वास यायचा आणि खरं सांगायचं तर मला तो जाम आवडायचा. पप्पा जेवायला बसण्याआधी हाताचा रंग थिनरने काढायचे, मग साबण लावायचे आणि मग भाकरी मोडायचे. संध्याकाळी शेठकडून प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. गूळ खाल्ला की रंग छातीत बसत नाही, असा सगळ्यांचा पक्का समज होता. मास्क म्हणजे रुमाल.

त्या रात्री मी बारावीचं पुस्तक शोधलं. ते अर्थातच रद्दीत गेलेलं. मग इंटरनेट, चुलत बहिणीची बीएससीची पुस्तकं आणि तीन आठवडे. रिपोर्ट यायला आणि इंजेक्शनांचा परिणाम दिसायला तेवढा वेळ लागणारच होता, मग रिकामं बसून करणार काय?

बेंझिन म्हणजे सहा कार्बनचं कडं, प्रत्येक कार्बनला एकेक हायड्रोजन. 1825 साली मायकेल फॅरडेने दिव्याच्या गॅसच्या तेलकट अवशेषातून ते वेगळं काढलं. 1865 साली केकुलेने कड्याची आकृती मांडली. ते कडं सपाट आहे हे क्ष-किरणांनी 1929 मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी दाखवलं (केकुलेच्या सापाच्या स्वप्नाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, या बाईंचं नाव कुणी घेत नाही). या कड्यातले सहा इलेक्ट्रॉन कुणा एका बंधाच्या मालकीचे नसतात. चाळीतल्या सामायिक गॅलरीसारखे ते सगळ्यांचे असतात. त्यामुळे कडं भलतंच स्थिर असतं. तीन सुटे दुहेरी बंध असते तर जेवढं असतं त्यापेक्षा मोलमागे साधारण 36 किलोकॅलरींनी जास्त. ही गॅलरी मोडायला बेंझिन सहजी तयार होत नाही. फार तर एक हायड्रोजन काढून त्या जागी दुसऱ्याला घेतं. क्लोरीन घेतला की क्लोरोबेंझिन, ओएच घेतला की फिनॉल, नायट्रो घेतला की नायट्रोबेंझिन. आणि मिथाइल, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, लावला की टोल्युइन. थिनरमधला मुख्य माल हाच. पेंटच्या दुकानात त्याला टोलिन म्हणतात.

आमच्या क्लासच्या सरांनी फळ्यावर दोन टेस्ट ट्यूब काढल्या होत्या. डावीकडे बेंझिन, उजवीकडे टोल्युइन. दोन्हीत पोटॅशियम परमँगनेट आणि खालून आच. डावीकडचा जांभळा रंग तसाच राहतो. उजवीकडचा उडतो, तळाला तपकिरी गाळ बसतो आणि टोल्युइनच्या शेपटीचं आम्ल होतं, बेंझॉइक आम्ल. शेपटी दोन कार्बनची असो की दहा, शेवटी कड्याला चिकटलेला एकच कार्बन उरतो, तोही आम्ल होऊन. अट एकच, त्या कार्बनवर निदान एक हायड्रोजन हवा. टर्शरी ब्युटाइलला तो नसतो, म्हणून ते ढिम्म राहतं. हा सीईटीचा लाडका प्रश्न. मी पाठ केला, मार्क घेतले, विसरलो.

असं का होतं, हे मात्र तेव्हा विचारलं नव्हतं. शेपटीतला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे साधारण 90 किलोकॅलरी लागतात, कड्यावरचा तोडायला 113 च्या आसपास. कारण शेपटीतला हायड्रोजन गेला की मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन कड्याच्या सामायिक गॅलरीत जाऊन उभा राहू शकतो. म्हणजे कडं स्वतः हलत नाही, पण शेजाऱ्याची मोडतोड सोपी करून देतं. शेपटीही कड्यावर परिणाम करते. मिथाइल गट कड्याकडे इलेक्ट्रॉन ढकलतो, त्यामुळे नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात टोल्युइन बेंझिनच्या जवळपास 25 पट वेगाने नायट्रो गट घेतं, तेही मुख्यतः शेपटीच्या शेजारच्या नाहीतर समोरच्या कार्बनवर. असे तीन घेतले की टीएनटी. (एक घेतला की दुसरा घेणं अवघड होतं, दुसऱ्यानंतर तिसरा फारच अवघड. नायट्रो गट इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे कड्याची भूक मरते.)

इथपर्यंत वाचून मी घाबरलो होतो. टोल्युइन जर बेंझिनपेक्षा 25 पट तयारीचं, तर माणसाच्या अंगात तेच जास्त वाईट असणार, नाही का?

तर नाही. उलटं आहे. आणि ते उलटं का आहे हे त्या फळ्यावरच्या दोन टेस्ट ट्यूबमध्ये होतं.

श्वासातून आत गेलेलं टोल्युइन चरबीत विरघळतं, पाण्यात नाही. ते लघवीवाटे बाहेर काढायचं तर आधी पाण्यात विरघळेल असं काहीतरी करावं लागतं आणि हे काम यकृताचं. यकृतातली एन्झाइमं ऑक्सिजन घेऊन येतात आणि जिथे सोपं तिथे घुसवतात. टोल्युइनला शेपटी आहे. एन्झाइम शेपटी पकडतं, तिचं आधी अल्कोहोल होतं, मग आल्डिहाइड, मग बेंझॉइक आम्ल. म्हणजे उजवीकडची टेस्ट ट्यूबच, फक्त खाली बर्नर नाही. मग बेंझॉइक आम्लाला ग्लायसिन नावाचं साधं अमिनो आम्ल जोडलं जातं आणि तयार झालेलं हिप्प्युरिक आम्ल लघवीतून निघून जातं. आत गेलेल्या टोल्युइनचा बराच मोठा भाग या वाटेने जातो, थोडा तसाच उच्छ्वासातून परत येतो आणि कड्याला हात लागतो तो एखाद्या टक्क्यापुरता. शिवाय हा रस्ता शरीराला नवा नाही. फळंभाज्यांतून आणि सॉसच्या बाटलीतल्या सोडियम बेंझोएटमधून आपण हेच आम्ल खात असतो. हिप्प्युरिक हे नाव घोड्यावरून आलंय, कारण लीबिगने 1829 साली ते घोड्याच्या मूत्रात ओळखलं. 1842 मध्ये केलर नावाच्या एका माणसाने स्वतः बेंझॉइक आम्ल घेऊन आपल्या लघवीत हिप्प्युरिक आम्ल शोधून काढलं. (पूर्वी टेस्टिंग असं व्हायचं. आम्ही निदान वेगळं एन्व्हायर्न्मेंट मागतो.)

आता बेंझिन. त्याला शेपटीच नाही, पकडणार काय? जुन्या सिस्टीममध्ये कुणीतरी हुक ठेवलेला असला तर आपण तिथे कोड अडकवून मोकळे होतो. नसला तर कोअरची फाइल उघडावी लागते आणि मग काय काय होतं ते आपल्याला माहीत आहे. एन्झाइमला थेट कड्यावर ऑक्सिजन घुसवावा लागतो, गॅलरी मोडावी लागते. तयार होतं बेंझिन ऑक्साइड, त्यातून फिनॉल, त्यातून हायड्रोक्विनोन. ही मंडळी रक्तातून बोन मॅरोत पोहोचतात. तिथली एन्झाइमं हायड्रोक्विनोनचं क्विनोन करतात आणि क्विनोन समोर येईल त्याला चिकटतं, प्रथिनं असोत की डीएनए. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही जिथे बनतात ती ही जागा.

तिन्ही. हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी लॅपटॉप बंद केला आणि पप्पांच्या खोलीत जाऊन उगाच फॅनचा स्पीड कमी केला.

एका कार्बनचा फरक. एकाचा शेवट लघवीत, दुसऱ्याचा ल्युकेमियात होऊ शकतो. (टोल्युइन साधू आहे असं नाही. ते मेंदूवर काम करतं. नालासोपाऱ्याच्या फलाटावर रुमालावर व्हाइटनर किंवा सोल्युशन ओतून हुंगणारी पोरं तुम्हीही बघितली असतील, त्यांची नशा टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटचीच. पप्पांना संध्याकाळी डोकेदुखी असायची ती बहुधा यानेच. पण बोन मॅरो मोडणं हा त्याचा धंदा नाही.) इस्तंबूलमध्ये डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी 1974 साली एक निबंध छापला. तिथले चपला-बूट बनवणारे कारागीर बेंझिनवाल्या चिकट सोल्युशनने तळ चिकटवायचे. साधारण 28,500 कारागिरांत 1967 ते 1973 या काळात तीव्र ल्युकेमिया किंवा त्याच्या आधीची अवस्था असलेले 26 जण त्यांना सापडले. छोटे गाळे, बंद खिडक्या. मला वाचताना वालीवच दिसत होतं.

आपल्याकडे हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती. तिच्यात बेंझिन, त्याची भावंडं आणि त्यांची नायट्रो आणि अमिनो रूपं यांची विषबाधा चक्क लिहिलेली होती. आख्खा धडा एका ओळीत. पण कायदा लागू व्हायला गाळ्याला कारखाना म्हणावं लागतं आणि पप्पांच्या गाळ्यात हजेरीपटावर किती माणसं होती आणि जेवायला किती बसायची, हे दोन वेगळे आकडे होते.

म्हणून एका रविवारी मी वालीवला गेलो. त्या गाळ्यात आता ऑनलाइन ऑर्डरींचे खोके पॅक होतात. वास फक्त चिकटपट्टीचा. नाक्याजवळच्या पेंटच्या दुकानातले शेठ मात्र तेच, केस पांढरे झालेले. त्यांनी पप्पांना ओळखलं, चहा मागवला.

"शेठ, तेव्हा थिनर कुठला यायचा?"

"दोन यायचे. एक कंपनीचा, डब्यात. एक लोकल, ड्रममधून सुटा. तुझ्या पप्पांचा मालक सुटा न्यायचा."

"त्यात काय असायचं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "जे स्वस्त असेल ते. कोण विचारायचं?"

एवढंच उत्तर मिळणार होतं. टोल्युइन आणि बेंझिन एकाच तेलातून, शेजारी शेजारी उकळून निघतात, बेंझिन 80 अंशाला आणि टोल्युइन 111 ला. वेगळं करण्यात काटकसर केली की एकात दुसरं राहतं. ड्रमवर लेबल नव्हतं. आता मोजावं म्हटलं तर दोघांचेही लघवीतले पुरावे दोन-चार दिवसांत पुसले जातात. इथे तर चौदा-पंधरा वर्षं झाली.

एक गोष्ट वाचून मात्र जरा बरं वाटलं. दोघं एकत्र आत गेले तर दोघांनाही आधी तेच एन्झाइम लागतं. उंदरांवरच्या प्रयोगांत टोल्युइन भरपूर असलं की ते रांग अडवून बसतं आणि बेंझिनचं क्विनोन कमी बनतं, असं दिसलंय. म्हणजे ज्या वासाने पप्पांचं डोकं दुखायचं त्यानेच कदाचित त्यांची थोडी राखणही केली असेल. हे विज्ञान कमी आणि माझी समजूत जास्त, याची मला कल्पना आहे.

घरी येऊन मी हे सगळं तावातावाने सांगत होतो. शेठ, सुटा ड्रम, लेबल नाही, मास्क नाही. पप्पा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, पण बेंझिन आणखी कशात असतं?"

"पेट्रोलमध्ये असतं, टक्काभर. आणि..." मी थांबलो.

"आणि?"

"तंबाखूच्या धुरात."

पप्पा माळकरी. मटण नाही, अंडं नाही, दारूचा थेंब नाही. पण बिडीला माळेची अडचण कधी झाली नाही. दिवसाला एक बंडल, तीसेक वर्षं. ती आणून द्यायला मीच पळायचो, उरलेल्या सुट्ट्या पैशांच्या गोळ्या घ्यायचो. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग आतून आई म्हणाली, "मी तेव्हापासून सांगत होते," आणि विषय संपला.

बी-12 चा रिपोर्ट आला तो 96. किमान 200 तरी हवं. डॉक्टर बाईंनी सांगितलं की बी-12 नसलं तरी मॅरोत पेशी नीट बनत नाहीत, तिन्ही आकडे पडतात आणि लाल पेशी फुगतात, तशा पप्पांच्या फुगलेल्या होत्याच. माळकरी माणूस, दूधही चहापुरतं, जमतं हे गणित. पण मॅरोच्या आजारातही पेशी फुगू शकतात. त्यामुळे आधी इंजेक्शनं, सहा आठवडे वाट बघायची आणि आकडे चढले नाहीत तर मॅरोची सुई. ते सहा आठवडे कसे गेले ते लिहीत नाही. मी त्या काळात अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्सचा धडा तीनदा वाचला, एवढं पुरे.

सहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन 11.9, पांढऱ्या पेशी 5,200, प्लेटलेट 1 लाख 71 हजार. बाई हसल्या. मॅरो सध्या नको म्हणाल्या, पण दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, थिनरचा इतिहास फाइलवर कायम राहील. त्यांनी तो लाल पेनने लिहिला. ड्रममध्ये नक्की काय होतं ते त्या रकान्यात रिकामंच आहे.

पप्पा आता न थांबता दोन जिने चढतात. बाल्कनीच्या ग्रिलला रंग मारतो म्हणून मागे लागलेत. मी पाण्यातला रंग आणून दिला तर डबा उघडून वास घेतला आणि म्हणाले, "याला वासच नाही, हा बसणार कसा?"

त्यांच्या गाळ्यातले एक मामा नालासोपाऱ्याला राहतात, पप्पांच्याच बरोबरीने रंग मारायचे. त्यांना फोन करून सांगितलं की एक साधी रक्ततपासणी करून घ्या, मी पैसे देतो. गणपती झाले की जातो म्हणाले. गणपती होऊन गेले, मग नवरात्र झाली की जातो म्हणाले. उद्या रविवार आहे. लॅब सकाळी सातला उघडते, मी सव्वासहाला त्यांच्या दारात उभा असेन.